फिन्सबरीची तीन मतं

ऑगस्ट १८८८. तुम्ही लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये उभे आहात. अंगात जाड काळा कोट, खिशात पेन्सिल आणि डोक्यात पुढच्या शतकातल्या महाराष्ट्राच्या तमाम तिकीटवाटपांच्या आठवणी. भोवती घड्याळवाल्यांची वस्ती आहे. एका घरात चाकं घासतात, दुसऱ्यात तबकड्या रंगवतात, तिसऱ्यात नुसत्या स्प्रिंगा. या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातल्या लिबरल कार्यकर्त्यांनी आपला उमेदवार निवडलाय : मुंबईचे दादाभाई नौरोजी. वय बासष्ट. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले, बडोद्याचं दिवाणपद भूषवलेले, काँग्रेसचं अध्यक्षपद सांभाळलेले.

शेजारच्या हॉबर्नमध्ये दोन वर्षांपूर्वी ते पडलेत, ३६५१ विरुद्ध १९५०. त्या वेळी हितचिंतकांनी सल्ला दिला होता की पारशी पगडी काढा आणि साहेबी हॅट घाला. दादाभाईंनी ऐकलं. मतं काही वाढली नाहीत.

बैठक संपते आणि कुजबुज सुरू होते. निवड झाली ती रीतसर नव्हती म्हणे. रिचर्ड ईव्ह नावाचे दुसरे इच्छुक निकाल मानायला तयार नाहीत. तुम्ही घोळक्यात कान देता. दादाभाईंविषयी कुणीही वाईट बोलत नाही, हे आधी तुमच्या लक्षात येतं. माणूस विद्वान, सभ्य, पक्षाशी निष्ठावंत. ‘माझी काही हरकत नाही हो, पण लोक...’ वाक्य तिथेच तुटतं. तुम्हाला त्याच्या पुढचं पाठ आहे. आपल्याकडे त्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात आणि ते कुणात आहे, कुणात नाही, हे नेहमी मतदारांच्या आधी पक्षकार्यालयाला कळतं.

आता तीन महिने पुढे, एडिंबरोला चला. ३० नोव्हेंबर. व्यासपीठावर पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी आहेत, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. हॉबर्नच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचं मताधिक्य घटलंय, त्याची सारवासारव चालू आहे. मागच्या वेळी आकडा फुगला होता, कारण समोर एक काळा माणूस उभा होता, असं ते सांगतात. आणि माणसाची कितीही प्रगती झाली तरी ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले असतील, असं मला वाटत नाही, असंही. रचना ओळखीची आहे ना? क्लार्कनवेलच्या घोळक्यात दबक्या आवाजात जे चाललं होतं, तेच इथे माईकशिवाय हजारोंना ऐकू जातं. फरक एवढाच की पंतप्रधानांनी वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत गदारोळ. सॉल्झबरींपेक्षा दादाभाईच गोरे दिसतात, अशी टिंगलही होते. जानेवारीत नॅशनल लिबरल क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी होते. हॉबर्नच्या उमेदवाराला जी प्रसिद्धी मिळाली नव्हती, ती विरोधी पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने फुकटात दिली.

एवढ्यावर तिकीट पक्कं व्हायला हवं होतं. होत नाही. पाठ थोपटणारा पक्ष उमेदवारीचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतो. ईव्ह बाजूला होतात, तर फ्रेडरिक फोर्ड उभे राहतात. ही बंडखोरी अगदी मतदानाच्या तोंडापर्यंत चालते. माझं मत विचाराल तर सॉल्झबरींचा अपमान दादाभाईंना परवडला, स्वपक्षाचं हे चालढकलीचं सौजन्य जास्त महागात पडलं.

जुलै १८९२. आता खरं काम. तुमच्या हातात मतदारयादी दिलीय. यादीत बायका नाहीत. पुरुषही सगळे नाहीत. भाडेकरूचं नाव येण्यासाठी त्याने वर्षभर त्याच जागेत राहिलेलं असायला हवं आणि खोलीचं भाडं वर्षाला निदान १० पौंड हवं. मालकाशी भांडून एप्रिलमध्ये खोली बदललेल्या कारागिराचं मत गेलंच. म्हणून चांगला एजंट सभेपेक्षा यादीवर जास्त जीव टाकतो. आपली नावं घुसवायची, समोरच्याच्या नावांवर हरकत घ्यायची. हे काम रुक्ष आहे, भाषणांसारखं कुणी लिहून ठेवत नाही. निवडणूक मात्र बरीचशी तिथेच होते.

विरोधी उमेदवार कॅप्टन पेंटन, विद्यमान खासदार. तुम्ही दार ठोठावत फिरता त्या भागातल्या पेंटन स्ट्रीटवर आणि पेंटनव्हिलवर त्यांच्या घराण्याचंच नाव आहे. तुमच्या उमेदवाराचं नाव मात्र दारातल्या माणसाला नीट उच्चारताही येत नाही. तुम्ही नावावर वेळ घालवत नाही. आयरिश घर असलं की आयर्लंडच्या स्वराज्याचं बोलता, कारखान्यातला माणूस असला की कामगारांच्या हक्काचं. हिंदुस्थानची गरिबी दादाभाईंच्या जिवाचा विषय, पण घड्याळाच्या चाकांवर डोळे फोडणाऱ्याला आधी त्याचं स्वतःचं काय ते ऐकायचं असतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ. १८८३च्या कायद्यामुळे मतदारांना आणायला भाड्याची गाडी करता येत नाही. पैसे दिल्याचं सिद्ध झालं तर निवडणूकच रद्द होऊ शकते. समर्थकाने स्वतःची बग्गी दिली तर चालते. अर्थात बग्ग्या कुणाच्या समर्थकांकडे जास्त असतात, ते सांगायला नको. तुम्ही पायीच पळता. काम सुटल्यावर घाईने येणारे कारागीर संध्याकाळी शेवटच्या तासात रांग लावतात. बोटाला शाई नाही, मशीन नाही. चिठ्ठीवर पेन्सिलीची फुली.

मोजणी. गठ्ठे बांधले जातात, सुटतात, पुन्हा बांधले जातात. दादाभाई पाच मतांनी पुढे. नंतर फेरमोजणीत फरक आणखी आटतो : नौरोजी २९५९, पेंटन २९५६. तीन मतं! वात्रट लोक नौरोजीचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकतात.

सॉल्झबरी खोटे पडले का? तीन मतांवर तसं म्हणणं धाडसाचं आहे. जवळजवळ निम्म्यांनी फुली दुसरीकडेच मारली आणि त्यांतल्या कितींनी रंग पाहून, कितींनी आयर्लंड पाहून, हे गुप्त मतदानात कधीच कळणार नाही. कळतं ते इतकंच की ‘लोक स्वीकारणार नाहीत’ म्हणणाऱ्यांनी लोकांना विचारलं नव्हतं. विचारायला चार वर्षं लागली, कारण मध्ये दादाभाईंचा स्वतःचाच पक्ष उभा होता.

जाता जाता १८९५ मध्ये डोकावून या. देशभर लिबरलांचा धुव्वा उडालाय आणि त्या लाटेत दादाभाईही पडलेत. पण पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जॉर्ज हॉवेल या जुन्या कामगार नेत्यासमोर मुंबईच्याच आणखी एका पारशाला उभं केलंय. मंचरजी भावनगरी १६० मतांनी निवडून येतात. पक्षाचे नेते अजूनही लॉर्ड सॉल्झबरीच आहेत आणि या वेळी मतदार कितपत पुढे गेलेत याबद्दल त्यांना शंका आलेली दिसत नाही.