किल्ली हरवलेली ग्रंथसूची : नॉर्वे, २००२

१/ सन २००२. नॉर्वेच्या पश्चिम भागातील ईवार ओसेन केंद्रापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. सुमारे ११,००० शीर्षकांची एक ग्रंथसूची संगणकात शाबूत होती, पण उघडता येत नव्हती. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, ज्याला ठाऊक होता तो सूचीकार तो शब्द कुणालाही न सांगता मरण पावला होता. #थ्रेड

२/ या सूचीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि लेखनाची भाषा डॅनिश होती. ईवार ओसेन (१८१३–१८९६) हा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव फिरला, बोलींतील शब्द टिपत गेला. १८४८ मध्ये त्याचे व्याकरण आणि १८५० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध झाला.

३/ या कामातून उभ्या राहिलेल्या लेखनभाषेला आज ‘नीनोर्स्क’ म्हणतात. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने तिला डॅनिश वळणाच्या भाषेच्या बरोबरीचे स्थान दिले. ज्या खेड्यात ओसेन जन्मला, तेथेच २००० साली त्याच्या नावाचे केंद्र नव्या वास्तूत उभे राहिले.

४/ विसाव्या शतकात ओसेनची पत्रे व रोजनिशा संपादित करणारे अभ्यासक म्हणजे रायदार युपेदाल. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली ग्रंथसंपदा आणि हस्तलिखिते या केंद्राकडे आली. कुलूपबंद झाली ती याच संग्रहाची सूची.

५/ ग्रंथ तर जागेवरच होते, मग अडचण कसली? दफ्तरखान्यात बसलेल्या कुणालाही याचे उत्तर ठाऊक असते. हजारो ग्रंथांच्या ढिगात ज्याची नोंद सापडत नाही, ते पुस्तक असून नसल्यासारखेच. सूची उघडली नसती, तर एकेक ग्रंथ हाती घेऊन सारे श्रम पुन्हा करावे लागले असते.

६/ आता या कुलपाचा इतिहास. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना एकाच काळात वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली खाजगी राहाव्यात, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला.

७/ हे कुलूप तकलादू निघाले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत होते. त्याने छिद्रपत्राद्वारे मागणी नोंदवून सर्वांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली. त्यात ते शब्द सरळ, वाचता येतील असेच साठवलेले होते.

८/ पुढे पासवर्ड मूळ रूपात न ठेवता त्याचे उलट न फिरवता येणारे रूपांतर साठवण्याची पद्धत आली. पण माणूस बदलला नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार लहान, साधे किंवा शब्दकोशांत व नामावल्यांत सापडणारे होते.

९/ पुन्हा नॉर्वेकडे. केंद्राचे संचालक ओत्तार ग्रेपस्टा यांनी लपवाछपवी केली नाही. कुलूप उघडण्यासाठी त्यांनी जगाला जाहीर हाक दिली. एरवी ज्यांच्यापासून माहिती जपायची, त्याच कुलूपतोड्यांना एका सांस्कृतिक संस्थेने सन्मानाने बोलावले. हाकेला देशोदेशींहून प्रतिसाद आला.

१०/ थोड्याच वेळात उत्तर सापडले. संग्राहकाचे आडनाव रोमन लिपीत असे लिहितात : डी-जे-यू-पी-ई-डी-ए-एल (पहिला ‘डी’ उच्चारात येत नाही). पासवर्ड होता : एल-ए-डी-ई-पी-यू-जे-डी. तेच आडनाव, उलट्या क्रमाने!

११/ रोमन वर्णमालेच्या २६ अक्षरांतून आठ अक्षरांच्या २०,००० कोटींहून अधिक रचना होतात. सूचीकाराने मात्र निवडले ते रोज डोळ्यांसमोर असलेले नाव. सुरक्षेच्या दृष्टीने ती चूक होती. त्याच चुकीने सूची वाचवली.

१२/ कुलूप परका आणि वारस यांत भेद करत नाही. ज्याच्याकडे शब्द नाही, तो त्याच्या लेखी परकाच. ओसेनच्या शब्दसंग्रहाला कागद आणि शाई पुरली. कागद जीर्ण झाला तरी अक्षरे लावता येतात. कुलूपबंद माहितीचे तसे नाही.

१३/ आजची पत्रे, हिशेब, छायाचित्रे आणि संशोधनाची टिपणे अशाच कुलपांमागे आहेत. उद्याच्या इतिहासकाराला ती मिळतील की नाही, हे आज किल्ली कुठे ठेवली जाते यावर ठरेल. प्रत्येक सूचीकार आडनाव उलटे लिहून ठेवणार नाही. म्हणून संस्थेच्या दप्तरी एक मोहोरबंद पाकीट असावे आणि ते कुठे आहे, हे किमान दोघांना ठाऊक असावे.

(समाप्त)