कातारी, भिक्षापात्र आणि लेखणी

बौद्ध धम्माचा इतिहास आपल्याकडे राजे, श्रेष्ठी आणि भिक्षू यांच्या नावांनी सांगितला जातो. त्या इतिहासात हत्यार धरणारा माणूस कोठे आहे, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला चंदनाचा ओंडका मिळाला. त्याचे पात्र करवून घ्यावे, कीस आपल्याला वापरता येईल आणि पात्र दान देता येईल, असा त्याने हिशेब केला. तयार पात्र त्याने उंच बांबूला टांगले. जो अर्हत ऋद्धिबलाने ते काढील, त्याचे ते! पिंडोल भारद्वाजाने आकाशात उडून ते मिळवले. बुद्धाने त्याचा निषेध केला. पात्र फोडून त्याचे चूर्ण भिक्षूंच्या अंजनासाठी देण्यात आले. लाकडी पात्र निषिद्ध ठरले. लोखंडाचे आणि मातीचे तेवढे राहिले.

चमत्काराला नकार म्हणून ही कथा आपण सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु चंदनासारखे घट्ट लाकूड पोकळ कोणी केले? पाली पाठात केवळ प्रयोजक क्रियापद आहे: ‘करवून घेतले’. कारागीर त्या क्रियापदात बुडाला आहे.

मात्र सतिपट्ठान सुत्तात तोच कारागीर ताठ उभा आहे. पालीत त्याला ‘भमकार’ म्हणतात. आपल्या मराठीत कातारी. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेताना आखूड. भिक्षूने आपला श्वास तसा जाणावा. इसवी सनाच्या 5व्या शतकात बुद्धघोषाने याचा खुलासा केला: नगाऱ्यासारख्या मोठ्या वस्तूला हातपाय पसरून लांब ओढ लागते, बारीक हस्तिदंती कामाला हलकी, आखूड. दोरीने फिरणाऱ्या चरकावर काम पुढेमागे फिरते. एका फेरीत हत्यार कापते, दुसऱ्या फेरीत सैल धरावे लागते. हे अवधान पोथीतून येत नाही, हातातून येते. ध्यानाचा धडा देताना दाखला यज्ञवेदीचा घेतला नाही, कातारशाळेचा घेतला, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही समाज बदलला होता असे नाही. विनयातच बुरूड, कुंभार, विणकर, चांभार, न्हावी यांची शिल्पे ‘हीन’ आणि गणना, लेखन ही ‘उच्च’ म्हणून नोंदलेली आहेत. परंतु जातीवरून वा शिल्पावरून भिक्षूला हिणवणे हा दोष ठरवला गेला, हेही तेथेच नोंदलेले आहे.

पालीत लाकूड तासण्याला आणि अक्षर लिहिण्याला एकच धातू आहे: लिख्. कृती एक, पण एक हात उच्च आणि दुसरा हीन! बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवले की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ती विभागणी या एका धातूच्या मधोमध गेलेली दिसते. आज त्या हातांत लेखणी आली आहे. तिने पहिल्याने ‘करवून घेतले’ याच्या जागी ‘केले’ लिहावे.