नानकटाईचा डबा आणि रविवारची सुट्टी

दिवाळी जवळ आली की घरचा रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तिथे नानकटाई भाजून घ्यायची आणि कोमट झालेला पत्र्याचा डबा पोटाशी धरून घरी परतायचे, ही चाल महाराष्ट्रातल्या अनेक गावांप्रमाणे सोलापुरातही एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत रूढ होती. साहित्य घरचे आणि आग मात्र बाहेरची. घरातल्या चुलीवर नानकटाई का होत नसे, या साध्या प्रश्नाचा माग काढला तर सोलापूरच्या ज्वारीपासून मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभेपर्यंत जावे लागते. या धाग्याचा विषय तोच आहे : घरातल्या छोट्या सुखांना लागणारी आग, साखर आणि फुरसत सोलापूरच्या घरांत केव्हा आली, आणि कोणाच्या वाट्याला आली.

आधी आगीविषयी. चुलीची धग खालून येते. भाकरीला, पोळीला, भाजीला तेवढी पुरते. पाव, बिस्किट, नानकटाई यांना मात्र बंद जागेत कोंडलेली, चहूबाजूंनी लागणारी सारखी उष्णता हवी. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते; कणीक मळली की त्याचे चिवट जाळे तयार होते, त्यात हवा अडकते आणि पाव फुगतो. सोलापूरचे धान्य रब्बी ज्वारी. तिच्यात ग्लुटेन नाही. म्हणून तिचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते, भाकरी हातावर किंवा परातीत थापावी लागते आणि ती ताबडतोब तव्यावर जावी लागते. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पिकणारी मालदांडी ज्वारी (तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले) ज्या घरात दोन्ही वेळ शिजते, त्या घराला भट्टीची गरज भासण्याचे कारणच नव्हते.

तरीही कोरडे, कुरकुरीत, टिकाऊ असे काहीतरी भाजून ठेवण्याची विद्या या मुलखात होती. सोलापूरची कडक भाकरी ही तीच. पातळ थापलेली भाकरी तव्यावर शेकून मंद धगीवर पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवली की तिच्यातला ओलावा जातो आणि ती पुष्कळ दिवस टिकते. प्रवासात, शेतावर, आजारपणात, केव्हाही ती शेंगा चटणीबरोबर खाता येते किंवा आमटीत कुस्करता येते. लॅटिनमूलक भाषांत ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. त्या अर्थाने कडक भाकरीला सोलापूरचे बिस्किट म्हणायला हरकत नसावी, फक्त चहात बुडवण्याची घाई करू नये.

नानकटाईची गोष्ट निराळी. तिच्या नावातला ‘नान’ फारसी आहे, म्हणजे रोटी. हा शब्द सोलापूरला परका वाटण्याचे कारण नाही. बहमनी राज्य फुटल्यावर सोळाव्या शतकात अहमदनगर आणि विजापूर या दोन दरबारांमध्ये सोलापूरचा किल्ला चक्क हुंड्याच्या वादात सापडला होता. चांदबीबीच्या विवाहातही त्याचे नाव येते. फारसी शब्द, पदार्थ आणि पाककौशल्य या भागात शतकानुशतके ये-जा करत होते. पण भट्टी बाजारात राहिली, ती घरात आली नाही. घरात फार तर पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून ‘वरखाली’ भाजण्याची युक्ती चाले, आणि तिच्यात एक डोळा सतत राखेवर ठेवावा लागे.

भट्टी आणि घर यांच्यामध्ये आणखी एक भिंत होती, जातीची. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ही हकीकत बहुतेकांना ‘चहा प्रकरण’ म्हणून ठाऊक असते. त्यातले बिस्किट विसरले जाते. कोणाच्या हातचे, कोणत्या पाण्यात मळलेले, कोणत्या भट्टीत भाजलेले हा त्या काळी जिवावरचा प्रश्न होता. १८६० साली सोलापूरला रेल्वे पोहोचली होती, अमेरिकन मराठी मिशनचे काम शहरात सुरू झाले होते, पाव-बिस्किटे डोळ्यांसमोर होती. पण सोवळ्याच्या घरात त्यांना सहज प्रवेश नव्हता. या पार्श्वभूमीवर घरचे पीठ आणि घरचे तूप घेऊन बेकरीत जाण्याची चाल फार हुशारीची वाटते. तिच्यात भेसळीची धास्ती होती आणि शिवाशिवीशी केलेली मूक तडजोडही असावी, असे मानायला जागा आहे.

आता साखर. अरबी ‘मुरब्बा’ मराठीत आला, आंब्याशी त्याची सोयरीक जुळली आणि तो ‘मुरांबा’ झाला. मग त्याच्या वळणावर साखरांबा, गुळांबा ही भावंडे नांदू लागली. त्यांतला गुळांबा शेतकऱ्याच्या घराला परवडणारा, कारण गूळ गावातल्या गुऱ्हाळात होई. साखर विकतची, आणि पहिल्या महायुद्धानंतरही तिचा मोठा वाटा जावाहून आलेला. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि चित्र पालटले. देशातल्या तीसेक कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेली. नीरा कालव्याच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात माळीनगर आणि श्रीपूर इथे कारखाने उभे राहिले ते याच दशकात. वालचंदनगर आणि रावळगाव या साखरनगऱ्या वसवणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले होते. पुढे रावळगावच्या गोळ्या महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी चघळल्या. साखर मैलोगणती दूर राहिली नव्हती; तरी घरात ती मोजूनच येई. १९४२ साली तिच्यावर सरकारी नियंत्रण आले, आणि पुढे कित्येक वर्षे नियंत्रण, शिथिलता, पुन्हा नियंत्रण असा खेळ चालू राहिला. कैरीचा हंगाम रेशनच्या तारखा पाहून येत नाही. मुरांब्याची बरणी भरायची तर चहातली साखर काही आठवडे आधीपासून कमी करावी लागे.

जॅम त्याहून उशिरा आला. मुरांब्यात फळाच्या फोडी पाकात मुरतात. जॅममध्ये गर साखरेसह आटवला जातो, आणि फळातले पेक्टिन, आम्ल व साखर यांची गाठ पडली की तो घट्ट होतो. म्हणूनच पेरूची जेली सोपी, आणि जिथे आंबटपणा कमी तिथे लिंबू पिळणे भाग. पाव खाणाऱ्या घरालाच जॅम हवा असतो, आणि भाकरीच्या सोलापुरात तो बराच काळ पाहुण्यासारखा राहिला. गंमत अशी की सोलापूरकरांच्या तोंडी ‘जाम’ हा शब्द मात्र रोजचा होता. ‘जाम मिल’ म्हणजे जामश्री रणजितसिंहजी यांच्या नावाची गिरणी. नवानगरचे जामसाहेब, ख्यातनाम क्रिकेटपटू रणजी, ते हेच.

गिरणीचे नाव निघाले म्हणजे फुरसतीकडे वळायला हवे.

सोलापूरची पहिली कापड गिरणी, जिला शहर ‘जुनी गिरणी’ म्हणते, १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. त्या काळी गिरणीचा दिवस बारा-चौदा तासांचा असे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नसे. मुंबईत रविवारीही यंत्रे पुसायला कामगारांना बोलावले जाई. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या प्रश्नावर कामगारांना संघटित केले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मुंबईतल्या मालकांचा शब्द सोलापूरला बांधील नव्हता. सोलापूरपर्यंत साप्ताहिक सुट्टी आणली ती १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने.

रविवारच का, यावर लोखंडे यांचे म्हणणे असे सांगितले जाते की तो खंडोबाचा वार आहे. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला मार्गशीर्षातल्या रविवारी लोटणारी गर्दी पाहिली तर हा युक्तिवाद इथल्या माणसाला किती जवळचा वाटला असेल ते कळते. इंग्रजांचा सब्बाथ आणि मल्हारीचा वार एका दिवशी आले, आणि त्या योगायोगातून कामगाराला एक दिवस मिळाला.

तो दिवस घरात कसा वाटला गेला? पुरुषाला आंघोळीला उशीर करता येई, तालमीत, देवळात, पुढे सिनेमाला जाता येई. हिवाळ्यात शेतावर हुरड्याचा बेत असे. शेणीच्या आगटीत कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे चटणी-दह्याबरोबर खायचे. सोलापूरच्या छोट्या सुखांत हे एकच असे आहे की ज्यात आग बहुधा पुरुषांच्या हाती असते. तिथेही चटणी आदल्या दिवशी बाईने कुटलेली असे, ही गोष्ट वेगळी. गिरणीत कांड्या भरणाऱ्या, रिळावर सूत गुंडाळणाऱ्या बायकांचा रविवार धुणे, दळण आणि ‘आज काहीतरी चांगले कर’ यात जाई. कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या सरकारी पाहण्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊ लागल्या. त्यांत धान्य, जळण, कपडे, घरभाडे यांचे रुपये-आणे सापडतात. चुलीपुढचे तास सापडत नाहीत, कारण त्यांना दाम नव्हता.

गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तरी भोंग्याविना चालणारा एक धंदा घरांत टिकून राहिला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विशेषतः तेलुगू भाषक पद्मशाली घरांतल्या हजारो बायका विड्या वळतात. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायची आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. धान्य पाखडण्याचे सूप आणि विडीचे सूप एकाच घरात, एकाच हातात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेला आठवड्यातून एक दिवस कुलूप लावणे बंधनकारक केले. घराला कुलूप कोण लावणार?

आग मात्र अखेरीस घरात आली. मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस मिळू लागला आणि पुढच्या दशकांत तो जिल्ह्याच्या शहरांत पसरला. १९५९ पासून देशी बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. कुकरची शिटी आणि रबरी रिंग काढायची, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून तापवायचे, वर तुपाचा हात लावलेले भांडे ठेवायचे, की झाली भट्टी. मग काचेच्या झाकणाचा गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांनी मापे वाटी-चमच्यांत आणून ठेवली. सासूने न शिकवलेला पदार्थ सुनेला करता येऊ लागला, ही घराच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

विडी कामगार स्त्रियांनी स्वतःच्या घरासाठी केलेल्या दीर्घ लढ्यातून सोलापूरजवळ कुंभारी इथे गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ साली तिथली दहा हजार घरे त्यांच्या ताब्यात आली. भाड्याच्या खोलीत कोपऱ्यात मांडलेल्या स्टोव्हऐवजी आता ओटा होता. त्या ओट्यापासून दोन पावलांवर पानांची टोपली आणि सूप. आणि ज्या कडक भाकरीपासून हा धागा सुरू झाला, ती आज सोलापुरात बचत गटांच्या बायका नगावर भाजतात. पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतात. तिथे ती कोणाच्या तरी सुट्टीच्या दिवशीच्या ताटात पडते.