मेहेरबानीच्या पटावरचा सुलतान

बुद्धिबळ म्हटले की आपल्या वस्तीतल्या पोरांना विश्वनाथन आनंद आठवतो. १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, हे खरेच आहे. पण त्याच्या जवळपास साठ वर्षे आधी याच उपखंडातला एक माणूस जगातल्या अव्वल खेळाडूंना हरवत होता. त्याचे नाव मीर सुलतान खान.

पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा हा माणूस देशी नियमांचे बुद्धिबळ शिकला. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. १९२८ साली त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला लंडनला नेले. तिथे परके नियम नव्याने शिकून त्याने त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. १९३२ आणि १९३३ मध्येही तोच जिंकला. १९३१ च्या सामन्यात त्याने टार्टाकोवरला नमवले आणि त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये रुबिनस्टाइनला हरवले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत तर त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकावर मात केली.

ही तारीख आम्हाला महत्त्वाची वाटते. त्याच हिवाळ्यात बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. तिथे ते दया मागत नव्हते, राजकीय हक्क मागत होते. सुलतान खानकडे प्रतिभा अफाट होती, पण हक्काचे काहीच नव्हते. लंडनचा मुक्काम सर उमर यांच्या मर्जीवर होता. १९३३ च्या अखेरीस ते भारतात परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला आणि तिशीतच त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. १९३५ मध्ये त्याने व्ही. के. खाडिलकरांविरुद्ध दहा डाव खेळले. त्यातला फक्त एक बरोबरीत सुटला, बाकीचे त्याने जिंकले. म्हणजे खेळ संपला नव्हता, व्यासपीठ संपले होते.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिले २७ अधिकृत ग्रँडमास्टर जाहीर केले. त्यांत टार्टाकोवर होता, रुबिनस्टाइनही होता. त्या दोघांना हरवणारा सुलतान खान मात्र नव्हता. १९६६ मध्ये तो सरगोध्यात वारला. सन्माननीय ग्रँडमास्टर किताब त्याला मिळाला तो थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

इथे आपणही सावध राहिले पाहिजे. पाश्चात्त्य लेखकांनी त्याला 'अडाणी नोकर' म्हणून रंगवले. त्याच्या कुटुंबीयांनी हे चित्र नाकारले आहे. ते त्याचे घराणे पीरांचे आणि जमीनदारांचे असल्याचे सांगतात. म्हणून आम्ही त्याला ओढूनताणून 'आपला' करणार नाही. दुसऱ्याचा इतिहास सोयीप्रमाणे लिहिणे हा ज्यांचा धंदा आहे, त्यांचा त्यांना लखलाभ.

पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. घरचे बरे असलेल्या माणसाची प्रतिभाही आश्रयदात्याच्या तिकिटावर अडत असेल, तर ज्यांच्याकडे ना जमीन ना ओळख, त्यांचे काय झाले असेल? अशी किती डोकी पटापर्यंत पोहोचलीच नाहीत?

म्हणून शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, वसतिगृहात जागा मिळावी, क्रीडा प्रबोधिनीची दारे उघडी असावीत, यासाठी आपण भांडतो तेव्हा कुणी 'फुकट मागता' म्हणाले तर त्याला सुलतान खानची गोष्ट सांगा. मेहेरबानी परत घेता येते. हक्क तसा काढून घेता येत नाही, फक्त त्यासाठी आपल्याला जागे राहावे लागते.

जय भीम!