‘फ्रॉम मंडे’ कोणाचा?

नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी टीम लीडचा मेसेज आला: ‘डिलीट द एन्ट्रीज फ्रॉम मंडे.’ मी समजले, नोंदी काढायला सोमवारपासून सुरुवात करायची. त्यांना म्हणायचं होतं, सोमवारच्या नोंदी काढ, आत्ताच. तोवर रिपोर्ट क्लायंटकडे गेला होता. बोलणी मी खाल्ली, पण व्याकरणाच्या दृष्टीने दोघंही बरोबर होतो.

इंग्रजीत ‘फ्रॉम मंडे’सारखा तुकडा जवळच्या नामाला जोडला तर विशेषणाचं काम करतो, आधीच्या क्रियापदाला जोडला तर क्रियाविशेषणाचं. रूप मात्र एकच. मराठीत ‘सोमवारच्या नोंदी’ आणि ‘सोमवारपासून काढ’ यांत घोळ होत नाही. ‘च्या’ आणि ‘पासून’ कोण कोणाचं ते सांगून टाकतात.

संगणकाला इंग्रजी शिकवायला निघालेले लोक याच खड्ड्यात पडले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये कुनो आणि ओटिंगर यांनी वाक्याच्या सगळ्या शक्य रचना शोधणारा प्रोग्राम बनवला. साध्या दिसणाऱ्या वाक्यांनाही त्याने अनेक रचना काढून दाखवल्या. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांनी नियम सुचवले. किंबल म्हणाले, तुकडा जवळच्या शब्दाला जोडा. फ्रेझियर म्हणाल्या, सर्वांत सोपी रचना निवडा. माझ्या मेसेजसारख्या वाक्यात पहिला नियम नामाकडे ओढतो, दुसरा क्रियापदाकडे.

१९८२ मध्ये चर्च आणि पाटील यांनी या गुंत्याचं गणित मांडलं. क्रियापद आणि कर्म यांच्यामागे असा एक तुकडा आला तर २ रचना, दोन आले तर ५, तीन आले तर १४, चार आले तर ४२. या कॅटलन संख्या. बायनरी ट्री मोजायच्या इंटरव्ह्यूच्या प्रश्नात भेटतात, त्याच!

मग नियम सोडून मोजणी सुरू झाली. बेल लॅब्जमधल्या हिंडल आणि रूथ यांनी बातम्यांच्या सुमारे १ कोटी ३० लाख शब्दांत पाहिलं, की कोणतं क्रियापद आणि कोणतं नाम कोणत्या अव्ययाशी जास्त वेळा दिसतं. एवढ्यावर सुमारे ८० टक्के उत्तरं बरोबर आली.

आणि माणूस? १९९४ मध्ये अद्वैत रत्नपारखी आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांना फक्त चार शब्द दाखवले: क्रियापद, नाम, अव्यय आणि त्यापुढचं नाम. आधी ठरवलेल्या उत्तराशी त्यांचं ८८.२ टक्के वेळा जुळलं. पूर्ण वाक्य दाखवल्यावर ९३.२ टक्के. म्हणजे सगळं वाक्य समोर असूनही शंभरात जवळपास सात वेळा जुळलं नाही.

कारण उरलेली माहिती वाक्यात नसतेच. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात असते: कुठला रिपोर्ट, कधी जाणार, कोणाला घाई आहे. सहा महिन्यांच्या नवख्या मुलीकडे ती कुठून येणार?

आता माझ्या हाताखाली दोन नवी मुलं आहेत. त्यांना मी ‘मंडेज एन्ट्रीज’ लिहिते. आणि शेवटी ‘टुडे’.