जहागीर गेली, मोटार राहिली

आपल्या पानावर वाड्यांच्या, पंगतींच्या, गणेशोत्सवांच्या आठवणी पुष्कळ आल्या. आज मोटारीबद्दल लिहितो. मी इंदूरचा, बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे आठवणीतही हिशोब येणारच, तेवढं सांभाळून घ्या.

माळव्यात आपली मराठी घरं आली ती होळकर-शिंद्यांच्या मागे. कुणी तलवारीवर आलं, कुणी लेखणीवर, कुणी पंचांग घेऊन. दरबारात मान कसा दिसायचा? घोडा, पालखी, आणि फार मोठ्यांच्या दारी हत्ती. विसाव्या शतकात त्या जागी मोटार आली. आमचे शेवटचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर यांची हौस तर जगजाहीर. माणिकबाग महालाचा नकाशा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांचा, आणि महाराजांची एक मोटार अमेरिकन ड्यूसेनबर्ग, तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेली. राजाचं पाहून सरदारांनी, सरदारांचं पाहून वकील-डॉक्टरांनी मोटारी घेतल्या.

या मोटारी सगळ्याच बोटीतून तयार येत असत असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. अशीच एक काळी प्लिमथ १९५१ साली माझ्या आईच्या माहेरी, रामबागेत आली. आजोबांकडे एका गावाची जहागीर होती.

आता तारखा बघा. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झालं होतं, आणि आजोबांनी मोटार घेतली त्याच १९५१ मध्ये मध्यभारतात जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला. भरपाई मिळाली, पण दरसालचं उत्पन्न बंद झालं ते कायमचं. कूळ गेलं, धान्याच्या गाड्या येणं थांबलं. दारात उरली ती प्लिमथ. आजी पुढे म्हणायची, "जहागीर गेली, मोटार राहिली. हत्ती गेला नि अंकुश उरला, तसं!"

तरी ती गाडी नुसती मिरवायची नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. पुढे बाकासारखी सलग सीट, मागे सोफा, सात-आठ माणसं सहज मावत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. रामबागेतल्या कितीतरी मुली त्याच गाडीतून सासरी गेल्या. लग्न असलं की आदल्या दिवशी कुणीतरी यायचंच, "वकीलसाहेब, उद्या गाडी मिळेल ना?" आजोबांनी आणि त्यांच्यामागे मामांनी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि पेट्रोलचे पैसेही कधी घेतले नाहीत.

पैसे न घेणं परवडत होतं तोवर ठीक होतं. साडेतीन लिटरच्या वरचं सहा सिलिंडरचं इंजिन, गावात लिटरला पाच किलोमीटर गेली तरी नशीब. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्याकडेही पेट्रोल भडकलं आणि देशभर मोठ्या गाड्यांना घरघर लागली. शिवाय सुटे भाग. सरकारचं धोरण देशातच गाडी बनवणाऱ्यांना धरून होतं, त्यामुळे नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५० च्या दशकातच इथून गेल्या होत्या. प्रीमियरनेही पुढे फियाटवर भर दिला. प्लिमथची विजेची सगळी व्यवस्था सहा व्होल्टची, बाजार बारा व्होल्टचा. एकदा एका गॅरेजात रेडिएटरच्या कामाला दिलेली गाडी परत आली, तर मूळ कार्ब्युरेटर गायब आणि तिथे दुसराच बसवलेला! विचारलं तर सरळ कानांवर हात.

मग मामांनी वेळेवर गाडी का बदलली नाही? एक कारण मनातलं, दुसरं बाजारातलं. बाजारात होतं काय? अँबॅसेडर, फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षं मोजायची. मोटार ही सरकारच्या लेखी चैनीची वस्तू, उत्पादन परवान्याने बांधलेलं. ज्याच्या दारात चालती गाडी आहे त्याने ती सोडावी असं काही समोर नव्हतंच.

ते चित्र बदललं १९८३ मध्ये. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली, पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी., बारा इंची चाकं, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. लोक तिला साबणाची डबी म्हणाले आणि त्याच तोंडाने नंबर लावायला धावले.

मामा धावले नाहीत. त्यांचा डोळा काँटेसावर होता. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी १९८४ ला आली, अंगापिंडाने भारदस्त, प्लिमथच्या जागी शोभेल अशी. पण मूळ घडण इंग्लंडच्या वॉक्सहॉल गाडीची, आणि सुरुवातीच्या काँटेसात इंजिन होतं अँबॅसेडरचंच, दीड लिटरचं! इसुझूचं इंजिन नंतर आलं. म्हणजे बडा घर, पोकळ वासा. हे मी मामांना म्हटलं तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

१९८७ च्या दिवाळीत शेवटी विषय निघाला, कारण प्लिमथचं इंजिन पूर्ण उघडावं लागणार होतं आणि धाकट्या मामेबहिणीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नव्हते. मामांचं म्हणणं होतं, "अरे, मागच्या पाच वर्षांत तिच्यावर इतका पैसा घातलाय, आता कशी सोडू?"

बँकेत मी ट्रकवाल्यांची कर्जप्रकरणं रोज बघत असे, तिथे हेच वाक्य ऐकत असे. वहीचं एक पान घेतलं आणि मामांना म्हटलं, "मामा, घातलेला पैसा गेला. तो गाडी ठेवली तरी परत येत नाही, विकली तरी नाही. हिशोब फक्त उद्यापासूनचा करायचा."

मग मांडणी केली. महिन्याला ५०० किलोमीटर. प्लिमथ लिटरला ५, म्हणजे १०० लिटर. मारुती गावात १६ धरली तर जेमतेम ३१ लिटर. वर्षाचा फरक सव्वाआठशे लिटर! भाव काहीही लावा. त्यावर ड्रायव्हरचा पगार, कारण प्लिमथ मामांखेरीज घरात कुणाला झेपत नव्हती आणि मामांना कोर्टात सोडून गाडी परत आणायला माणूस लागायचा. त्यावर इंजिनाचं काम. दुसऱ्या बाजूला मारुतीची किंमत, आणि घसारा. नव्या गाडीचा घसारा पहिल्या वर्षीच जास्त, हेही मी लपवलं नाही. जुन्या गाडीला घसारा उरलेला नसतो, म्हणून ती फुकट वाटते. पण खर्च तिथे दुरुस्तीच्या नावाने बसलेला असतो. दोन्ही बाजू मिळवल्या तेव्हा पाच वर्षांत मारुतीची बहुतेक किंमत नुसत्या बचतीतून निघत होती.

आकडे मामांना पटले, मन मानेना. ते म्हणाले, "उद्या कुणाकडे लग्न निघालं, गाडी मागायला आले, तर त्या डबीत नवरी बसवू?"

उत्तर आजीने दिलं. नव्वदीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. "अरे, दुसऱ्यांच्या मुली मोटारीतून पाठवल्यास, पुण्य केलंस. आता स्वतःच्या मुलीला कॉलेजात पाठव." त्यापुढे कुणी बोललं नाही.

प्लिमथ एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने नेली. पैसे फार आले नाहीत. ड्रायव्हरला मामांनी वाऱ्यावर सोडलं नाही. पीथमपूरला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, ओळखीने तिथल्या एका कारखान्यात गाडी चालवायला लावून दिलं. त्याचा पगार वाढला, हे नंतर तो स्वतःच सांगायचा.

मारुती आली पांढरी. आणि जे माझ्या वहीच्या पानात कुठेच नव्हतं ते घडलं. मामींनी गाडी शिकायला घेतली. वय शेहेचाळीस, नऊवारी सुटून फक्त काही वर्षं झालेली. प्लिमथच्या छत्तीस वर्षांत घरातली एकही बाई त्या स्टिअरिंगला शिवली नव्हती. सहा महिन्यांत मामी राजवाड्याच्या गर्दीतून भाजी घेऊन येऊ लागल्या. १९९१ च्या थंडीत एका रात्री मामांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना दवाखान्यात मामींनीच नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्या पहाटेच्या गारठ्यात प्लिमथ असती तर हँडल मारायला कोण होतं, हा प्रश्न मामांनी त्यानंतर स्वतःच कितीदा तरी बोलून दाखवला.

गेलं ते मात्र गेलंच. रामबागेत आता लग्नाला गाडी मागायला कुणी कुणाकडे जात नाही. १९९३ मध्ये मोटार उत्पादन परवान्यातून मोकळं झालं, गाड्यांची रीघ लागली, ज्याची त्याची गाडी झाली, नसेल तर भाड्याने मिळते. एका मोटारीवर अख्खी गल्ली जोडलेली असायची, तो धागा सुटला. याचा आकडा मला कुठल्याही खात्यात लिहिता येत नाही, पण ती रक्कम खरी होती एवढं नक्की.

मारुती ८०० चं उत्पादनही २०१४ मध्ये थांबलं, अँबॅसेडरचंही त्याच वर्षी. मामेबहीण डॉक्टर होऊन आज स्वतःच निवृत्तीला आली आहे. जहागीर गेली तेव्हा आपल्या बऱ्याच घरांनी खूण जपली, आणि खूण जपता जपता काही घरं रिकामी झाली. मामांचं घर वाचलं, कारण एका म्हातारीने खूण कुठली आणि घर कुठलं, हे वेळेवर ओळखलं.

ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगावकडच्या मंडळींनी आपापल्या दारातल्या जुन्या मोटारींची हकीकत जरूर लिहावी. कुठली होती, कधी सोडली, आणि सोडा म्हणणारं घरात कोण होतं, तेही लिहा.