कोंबडा ऐकला, कोंबडी राहिली

आपल्या प्राचीन विद्यांनी एखाद्या पक्ष्याला गुरुस्थानी बसविले असेल, तर तो कोकिळ किंवा मयूर असावा अशी आपली सहज समजूत असते. परंतु व्याकरणशास्त्रापुरता तरी तो मान घरच्या कोंबड्याकडे जातो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे तीन काल सांगताना अकार सोडून उकारच का घेतला, या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर असे की, कोंबड्याच्या आरवण्यात एक मात्रेचा, दोन मात्रांचा आणि तीन मात्रांचा असे तिन्ही उकार क्रमाने कानी पडतात, आणि म्हणून कोणाही विद्यार्थ्यास ते पहाटे अंथरुणात पडल्या पडल्याही पडताळून पाहता येतात. वराहमिहिराने बृहत्संहितेत कुक्कुटलक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. कार्तिकेयाच्या ध्वजावर कुक्कुट चढला. मात्र ही विद्वत्ता बहुतांशी कोंबड्यापाशीच थांबली. त्याच अंगणात दिवसभर वावरणारी, अंड्यावर आली असता, पिलांना खुणावताना किंवा घारीची सावली दिसताच निरनिराळे स्वर काढणारी कोंबडी शास्त्रकारांच्या कानी फारशी पडली नाही. आणि ज्यांनी तिला ऐकले, ओळखले व त्या ओळखीवर आपला नित्याचा व्यवहार चालविला, त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. मनुस्मृतीने ग्रामकुक्कुट द्विजांना अभक्ष्य ठरविला, आणि ज्या घरात कोंबडी शिजत नाही त्या घरात ती पाळलीही जात नाही. लेखणी एका आळीत आणि खुराडे दुसऱ्या आळीत, अशी गावाची वाटणी शतकानुशतके राहिल्यामुळे लेखणीपर्यंत जो आवाज पोहोचला तो तेवढाच, जो चार आळ्या ओलांडून जातो. कोंबड्याची बांग ही दूरवर ऐकू जाण्यासाठीच असते. कोंबडीचे बोलणे हातभर अंतरावरचे. या एका भौतिक गोष्टीने आपल्या ज्ञानाचा केवढा भाग ठरविला, याचा विचार करू लागलो की थोडे हसू येते.

दूरच्या त्या आवाजाचे महत्त्व मात्र कमी लेखण्याचे कारण नाही. घड्याळे घरोघर येण्यापूर्वी पहिला कोंबडा, दुसरा कोंबडा अशी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची मोजदाद होती. जात्यावर बसणे, मोट धरणे, बाजाराला गाड्या जुंपणे हे सारे त्यावर चाले. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधावयास घेतले आणि कोंबडा आरवल्यामुळे शिखर अपुरे राहिले, ही कथा महाराष्ट्रात अनेक गावांनी आपापल्या पडक्या देवळाला जोडली आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असे आपण म्हणतो ते सूर्याचे माहात्म्य सांगण्यासाठी. पण जपानातील नागोया विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, मंद उजेड अष्टौप्रहर तसाच ठेवला तरी कोंबडा आपल्या शरीरातील घड्याळाच्या आधाराने सुमारे एका अहोरात्राच्या अंतराने आरवतच राहतो. म्हणजे डालग्याखाली झाकलेल्या त्या म्हणीतल्या कोंबड्यालाही तांबडे केव्हा फुटणार हे ठाऊक असते. याच संशोधकांना पुढे असेही आढळले की, आरवण्याचा पहिला अधिकार कळपातील श्रेष्ठ कोंबड्याचा असून बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून आरवतात. आमच्याकडील देवस्थानांच्या मानपानाची दफ्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना यात नवल वाटू नये.

आता खानदेशाकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावाचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, हा मुलूख राज्यकर्त्यांच्या कागदांत वारंवार बदलत गेला: अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार होते, १८१८ मध्ये खानदेशावर कंपनीचा अंमल बसला, १९०६ मध्ये पश्चिम खानदेश हा वेगळा जिल्हा झाला, पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार निघाला. उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे नर्मदा, मधून तापी, आणि वस्ती भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, गुजर अशा अनेक जमातींची व जातींची. या उलाढालींत अंगणातली कोंबडी मात्र तशीच राहिली. महसुलात तिची नोंद होण्याचे कारण नव्हते. पण अंमलदाराची स्वारी गावी आली म्हणजे वेठबिगारीबरोबर कोंबडीही हजर करण्याचा शिरस्ता आदिवासी मुलखात दीर्घकाळ चालला, आणि लपविलेली कोंबडी नेमकी शिपाई दारात असताना बोलते हे दुःख रयतेच्या वाट्याचे. उलट देवाच्या नावाने दिलेली कोंबडी कोणाला खुपत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातच्या सीमेतील देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या यात्रेला सातपुड्यातून जी माणसे जातात, त्यांच्या टोपलीत कोंबडा असतोच.

शिवाय या मुलखाचा कोंबडीशी संबंध पाळण्यापुरताच नाही. सातपुडा व सह्याद्री ही करड्या रानकोंबड्याची मायभूमी आहे, आणि घरच्या कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा हा डार्विनने १८६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त बहुतांशी खरा असला, तरी अनेक गावरान कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला, असे स्वीडनमधील उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सिद्ध केले. रक्त थोडेसे आले, पण बांग आली नाही. करड्याचे आरवणे तुटक आणि अखेरीस पुटपुटत विरणारे असते, आणि ज्याने दोन्ही ऐकले आहेत तो रानातल्याची व घरच्याची गल्लत करीत नाही.

खुराड्याजवळ बसून ऐकावयाचे ते कोंबडीलाच. अंड्यावर आलेली तलंग प्रथम अस्वस्थ होते; ओसरीच्या कोपऱ्यांतून, टोपल्यांमागून, धान्याच्या कणगीपाशी चोच घालीत ती हिंडते आणि लांबट, कण्हल्यासारखा, शेवटी किंचित उचललेला सूर पुन्हा पुन्हा काढते. जाणत्या बाईला हा सूर कळतो, आणि ती तिला पकडून भुसा घातलेल्या पाटीत बसविते; कारण दुर्लक्ष झाले तर अंडे शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत पडते आणि त्याच्या मालकीचा तंटा कोंबडीपेक्षा अधिक मोठ्या आवाजात चालतो. हॉलंडमधील अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हाच सूर, मनासारखी जागा अथवा अन्न न मिळालेल्या कोंबडीच्या निराशेचे चिन्ह म्हणून मोजला आणि पिंजऱ्यातील कोंबड्यांची दशा ओळखण्याचे ते एक साधन मानले. अंडे घातल्यावरचा कोलाहल मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. तो आनंदाचा उद्गार आहे असे आपण मानतो. २००१ मधील एका अभ्यासाने त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक लावला, तो असा की, आता माझ्याशी संग करून उपयोग नाही, हे कोंबडी कोंबड्यांना कळविते. आनंदाची कल्पना मला अधिक आवडते, पण आवडीवर निर्णय होत नाही.

यानंतर येते ती खुडुक. पिसे फुगवून, शेपूट पसरून, हात पुढे केला की फूत्कार टाकीत चोच मारणारी आणि एरवी खालच्या पट्टीत खुड्-खुड्-खुड् करीत राहणारी ही कोंबडी अंडी देणे थांबविते. तेव्हा घरधनिणीपुढे दोनच मार्ग उरतात. ऋतू बरा असेल आणि अंडी जमली असतील तर तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवावयास, बसवावयाची, नाहीतर थंड पाण्यात बुचकळून, क्वचित नाकातून पीस ओवून, तिची खुडुक मोडावयाची. बसविली तर एकवीस दिवस. अखेरच्या दोनतीन दिवसांत अंडे कानाशी धरले असता आतून टिकटिक व क्षीण चिवचिव ऐकू येते, आणि रवणीवरली कोंबडी त्या कवचाआडच्या पिलाला खालच्या सुरात उत्तर देते. जन्मापूर्वीच सुरू झालेला हा संवाद पुढे तिच्या खुड्-खुड् मागोमाग पिले चालू लागेपर्यंत अखंड राहतो. पिलाच्याही बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत: वरून खाली घसरणारा कर्कश सूर म्हणजे थंडी, भूक किंवा हरवलेपण, आणि खालून वर चढणारा मृदू सूर म्हणजे ऊब व समाधान. अमेरिकेतील कोलियास व जूस यांनी १९५३ मध्ये ध्वनिलेखयंत्रावर या चढउताराच्या रेषाच काढून दाखविल्या. कोलियासने पुढे १९८७ मध्ये तांबड्या रानकोंबडीच्या कुळाचे चोवीस वेगवेगळे आवाज नोंदविले.

यांतला सर्वांत चमत्कारिक प्रकार धोक्याच्या सूचनेचा. अंगणावर घार किंवा शिक्रा फिरू लागला की कोंबडा एक बारीक, लांब, शिटीसारखा सूर काढतो, ज्याची दिशा लागणे कठीण. आणि तो ऐकताच कोंबड्या झुडपाखाली अथवा गाडीखाली दडून मान तिरपी करीत एका डोळ्याने आकाश न्याहाळतात. मुंगूस, कुत्रा किंवा रानमांजर आले तर सूचना अगदी वेगळी: तुटक, मोठी, पुन्हा पुन्हा होणारी कट्-कट्-कटाक्, त्या वेळी सारा कळप माना उंचावून उभा राहतो आणि जमिनीच्या रोखाने पाहू लागतो. घरातली बाई चूल न सोडता केवळ कानांनी ठरविते की हाती काठी घ्यावयाची की आभाळाकडे हात हलवून हाकाटी करावयाची. १९९३ मध्ये क्रिस्टोफर एव्हन्स, लिंडा एव्हन्स आणि पीटर मार्लर यांनी शत्रू मुळीच दिसत नसताना कोंबड्यांना केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकविले, तरी त्यांनी त्या त्या धोक्याला योग्य असेच वर्तन केले. त्यावरून हे आवाज निव्वळ भीतीचे उद्गार नसून ते बाहेरच्या एखाद्या वस्तूचा निर्देश करतात, असा निष्कर्ष निघाला. विद्वज्जनांत त्याने खळबळ माजली. चुलीपाशी ती माजण्याचे कारण नव्हते.

चाणक्यनीतीत कोंबड्यापासून शिकण्याचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत आप्तांना अन्नाचा वाटा देणे हा एक आहे. शास्त्रकारांच्या निरीक्षणात अंगण डोकावले ते बहुधा येथेच. दाणा सापडला की कोंबडा चोचीत धरून तो खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि टुक्-टुक्-टुक् करीत कोंबड्यांना बोलावितो. परंतु नीतिकाराने अर्धेच पाहिले. दाणा नसतानाही, खड्याकडे बोट दाखविल्यासारखे, हे आमंत्रण कोंबडा कधीकधी देतो, आणि अशा लबाडाच्या हाकेकडे कोंबड्या लवकरच पाठ फिरवितात. कळपातला दुय्यम कोंबडा तर याहून शहाणा: श्रेष्ठाचा मार चुकवावा म्हणून तो मान हलविण्याचे सारे नाट्य करतो, पण आवाज काढीत नाही.

कोंबडीच्या जगात डोळ्यांपेक्षा कानांचा हुकूम किती चालतो, याचे एक उदाहरण जर्मन जीवशास्त्रज्ञ युक्स्क्युल याने १९३४ मध्ये दिले आहे. दोरीने बांधलेले पिलू दृष्टीआड चिवचिवत असेल तर कोंबडी पिसे फुलवून धावून येते. पण तेच पिलू काचेच्या घंटेखाली डोळ्यांसमोर तडफडत असले व आवाज बाहेर येत नसला, तर ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हे वाचल्यावर यंत्राने अंडी उबविण्याच्या पद्धतीने नेमके काय मोडले हे कळते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींची निवड पिढ्यान् पिढ्या अंड्यांच्या संख्येवर झाल्याने त्यांचा खुडुक बसण्याचा स्वभावच जवळजवळ गेला. पिले उबवणयंत्रातून विजेच्या दिव्याखाली आली. आणि हजारो पाखरांच्या शेडमध्ये जे ऐकू येते तो समुदायाचा एक सपाट नाद होय. पोल्ट्रीवाल्यालाही कान लागतोच, पण तो वेगळ्या कामी: रात्री दिवे मालवल्यावर शेडमधून घरघर येते का, कारण मानमोडीची, म्हणजे राणीखेतीची, ती एक चाहूल असते.

पोल्ट्रीची शेड आणि गावचे अंगण या दोहोंची गाठ नंदुरबार जिल्ह्यातच फार कठोर रीतीने पडली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर येथील पोल्ट्र्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. भारतातील ती पहिलीच नोंद. लाखो पाखरे मारून पुरण्यात आली, आणि बंदोबस्ताच्या हद्दीत आलेल्या गावांत सरकारी पथके घरोघर फिरून गावरान कोंबड्याही गोळा करू लागली. रोगनिवारणाच्या दृष्टीने ते आवश्यक होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण नुकसानभरपाईच्या कागदात एका पाखराची किंमत असते, रवणीवर पाच वेळा बसलेल्या आणि घार ओळखणाऱ्या कोंबडीची वेगळी किंमत लावण्याचा रकाना नसतो. २०२१ च्या फेब्रुवारीत तोच रोग नवापुरात पुन्हा आला.

तरीही अंगणातली विद्या संपली असे म्हणता येत नाही. हैदराबादच्या संशोधन केंद्रातून निघालेली वनराज, बंगळूरच्या कृषी विश्वविद्यालयातून आलेली गिरिराज अशा सुधारित जाती खेड्यांतून वाटल्या गेल्या. त्या अंडी पुष्कळ देतात, वजनदार होतात, पण बहुधा खुडुक बसत नाहीत. म्हणून ज्या घरात एखादी गावरान कोंबडी शिल्लक आहे त्या घराकडे शेजारपाजारच्या बायका आपली अंडी घेऊन येतात, रवणीवरल्या त्या कोंबडीच्या पोटाखाली ती सरकवितात, आणि उबवणीच्या मोबदल्यात पिलांतला वाटा ठरवून घेतात.